खरखर कुणाची

दिवाळीच्या चकल्या मऊ पडायला लागल्या, चिवड्याच्या डब्यात तळाशी नुसते शेंगदाणे आणि मीठ उरलं, की समजावं, आता माझ्याकडे खोकी यायला लागणार. खोकी म्हणजे स्पीकरची. तुळशीचं लग्न आठ-दहा दिवसांवर असतं, त्यानंतर आमच्या पनवेल-उरणच्या गावांत लग्नांची नुसती झुंबड. मग ज्याला त्याला आठवण होते, की वैशाखात वापरून ठेवलेला आपला जुना स्पीकर पावसाभर माळ्यावर पडलाय. उतरवतात, फडक्यानं पुसतात, लावून बघतात, आणि तो जे काही ओरडतो ते ऐकून रिक्षात घालून माझ्याकडे आणतात.

यंदाही आलीत. परवापासून ओटीवर पाच. आमचे हे चहाचा कप घेऊन त्यांच्यामधून वाट काढत गेले आणि म्हणाले, "उघडला का तुझा दवाखाना? पेशंटला बसायला जागा आहे, मालकाला नाही."

"मालकानं गुडघा दुमडता ठेवला असता तर जागा झाली असती," मी म्हटलं.

ह्यांचं पूर्वी मंडप-डेकोरेशनचं दुकान होतं, तेव्हापासूनचं हे वेड. मला कुणी शिकवलं म्हणाल, तर कुणीच नाही. एकदा घरच्या रेडिओच्या स्पीकरचा कागद झुरळांनी खाल्ला. दुरुस्तीवाला म्हणाला, टाकून द्या. मी म्हटलं, कागदच आहे ना, मग चिकटवता येईल. पतंगाचा कागद घेतला, गव्हाच्या पिठाची खळ केली, आणि चांगली जाड थापली. लावला रेडिओ. बातम्या देणारा माणूस नाकाला चिमटा लावल्यासारखा बोलायला लागला! तेव्हा कळलं, की खळ जास्त झाली की कागद जड होतो, ताठतो, आणि त्याला हलताच येत नाही. सगळं उकरून पुन्हा केलं, या वेळी खळ ताकासारखी पातळ. तो माणूस पुन्हा माणसासारखा बोलला. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशीच्या सगळ्या बातम्या मी उभ्यानं ऐकल्या.

स्पीकर म्हणजे तरी काय हो? एक कागदाचा द्रोण. त्याच्या बुडाशी तारेची गुंडाळी, तिला आम्ही कॉइल म्हणतो. ती एका चुंबकाच्या फटीत अधांतरी असते. फट एवढीशी, की दोन पोस्टकार्डं मुश्किलीनं जातील. त्या फटीत कॉइल मागेपुढे होते, द्रोण तिच्याबरोबर हलतो आणि हवा हलवतो. एवढंच. पण कडेला कुठेही न घासता, दिवसभर, वर्षानुवर्षं हलायचं, हे काही सोपं काम नाही. मी तर कधीकधी नुसती बघत बसते. बोटांनी हळूच दाबला की आत जातो, सोडला की वर येतो. श्वास घेतल्यासारखा.

गेल्या आठवड्यात खारघरच्या टॉवरमधलं एक तरुण जोडपं आलं होतं. आजोबांचे स्पीकर. मुलगी म्हणाली, "काकू, हे व्हिंटेज आहेत." मी म्हटलं, "बाळा, मीही आहे." त्यांच्या स्पीकरला कडेनं फोमची गोल पट्टी होती. हात लावला, तर ओल्या बिस्किटासारखी बोटाला चिकटून आली. दोघांचे चेहरे पडले. त्यांना वाटलं, आजोबांचा स्पीकर गेला. मी त्यांना उजेडात धरून दाखवलं, की कागद ठणठणीत आहे, चुंबक ठणठणीत, कॉइलचं रीडिंग अगदी बरोबर. गेलीय ती फक्त कड. जिथे सगळ्यात जास्त दुमडावं लागतं, तिथलंच आधी जातं. आमच्या ह्यांचा गुडघा, माझं मनगट, सायकलच्या ब्रेकची तार, सगळ्यांचं तेच. वस्तू सगळीच्या सगळी कधी म्हातारी होत नाही. कुठेतरी एक जागा म्हातारी होते, आणि आपण उगाच सगळ्या वस्तूला नाव ठेवतो.

ही गोष्ट मला नेमकी कुठल्या दिवसांत उमगली, ते पक्कं आठवतं. असाच कार्तिक होता. सात-आठ वर्षं झाली असतील. दुपारी भट्टीसारखं तापायचं आणि पहाटे चादर शोधावी लागायची. भातं कापून झालेली, त्यामुळे वाऱ्याबरोबर पेंढ्याचा वास यायचा आणि त्यात मातीच्या डंपरांची धूळ. तेव्हा गव्हाणच्या बाजूला डोंगर फोडायचं काम चालू होतं. आता तिकडे डोक्यावरून विमानं जातात. तेव्हा नुसते सुरुंग ऐकू यायचे, आणि टेबलावरचे माझे उघडे स्पीकर त्या धक्क्यानं एकदम थरथरायचे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चांगुणाबाय आल्या. गव्हाणच्या. पंचाहत्तरी गाठलेली, ताठ, नाकात ठसठशीत नथ, कासोटा घातलेलं हिरवं लुगडं. मागून त्यांची सून वनिता, उरणला बंदराच्या कामात एका कचेरीत लागलेली, आणि रिक्षावाल्याच्या डोक्यावर एक लाकडी खोका.

चांगुणाबाय धवलारीण. आमच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात विधी गाऊन लावते ती धवलारीण. हळद, मांडव, देवांना बोलावणं, सगळं तिच्या गाण्यानं, म्हणजे धवल्यानं चालतं. ती एकेका देवाचं, एकेका पूर्वजाचं नाव घेऊन बोलावते, तेव्हा कुठे लग्नाला सुरुवात. त्यांनी त्या पंचक्रोशीत किती लग्नं लावली असतील, त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खोका खाली उतरवला, चांगुणाबाय पाणी प्यायल्या, आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "बाय, तुजे कानाव भरोसा हाय म्हनून आले. सांग मना, गला माजा गेलाय का या खोक्याचा?"

मी वनिताकडे बघितलं. तिनं सांगितलं ते असं. दसऱ्याला गावदेवीपुढे आई गायल्या. वैशाखानंतर खोका पहिल्यांदाच उघडला होता. आणि आवाज आला तो सगळा खरखरीत, फाटलेला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आठ दिवसांत गावभर झालं, की म्हातारीचा गळा गेला. तुळशीच्या लग्नानंतर पहिलंच लग्न त्यांच्या सख्ख्या भावाच्या नातवाचं. तर भाच्यानं घरी येऊन सांगितलं, की आत्या, तू मानाच्या पाटावर बस, गाणी आम्ही पेनड्राइव्हवर लावू.

"मी म्हटलं, आई, आपण घशाच्या डॉक्टरला दाखवू," वनिता म्हणाली. "तर म्हणतात, आधी खोका दाखव."

"डागदर काय करंल? आ कर म्हनंल नि बॅटरी मारंल," चांगुणाबाय म्हणाल्या. "तो काय माजी गानी आयकनार हाय?" मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "गला माजा आसंल तर तसा सांग. या लग्नापासून मी तोंड उघडनार नाय. पन या लाकडाचा आसंल तर माज्या माथ्याव कशाला?"

मी बऱ्याच जणांचे स्पीकर बघितले होते. पण एखाद्याचं गाणं राहणार की जाणार हे माझ्या सांगण्यावर, असं तोवर कधी झालं नव्हतं.

मी माझ्या पद्धतीनं सुरू केलं. आधी नाक. कॉइल जळली असेल तर जळक्या रोगणाचा वास येतो, एकदा घेतला की विसरता येत नाही. इथे वास नव्हता. मग पेन्सिल सेल. दोन तारा सेलला टेकवल्या, की चांगला स्पीकर 'टक्' करतो आणि द्रोण उडी मारतो. यानं टक् केलं, पण टक्‌च्या मागे बारीकसं काहीतरी आणखी होतं. मग मीटर. बरोबर. मागच्या वेणीसारख्या विणलेल्या तारा हलवून बघितल्या, की कुठे आतल्या आत तुटल्यात का. नाही. मग उजेडासमोर धरला, तर कागदाच्या कडेला एक चीर दिसली. बोटभर लांब.

"सापडलं!" मी म्हटलं. वनितानं हात जोडले. मी ऐटीत कागद लावला, पातळ खळ लावली, पंख्याखाली वाळवला आणि माइक त्यांच्या हातात दिला. त्या बोलल्या. स्वच्छ. मला वाटलं, जिंकलं. मग त्यांनी खालच्या सुरात गाणं धरलं, आणि खरखर, जशीच्या तशी.

आमचे हे आतून म्हणाले, "पेशंट दगावला का?"

मला लाज वाटली होती. चीर दिसली म्हणून मी बाकीचं ऐकायचंच सोडून दिलं होतं. डोळ्याला दिसलं ते खरं, असं मानून मोकळी झाले. तेव्हापासून मी पाटी लिहून नाही ठेवली एवढंच, पण मनाशी ठरवलं, की पहिलं सापडलेलं कारण बाजूला ठेवायचं आणि पुढे शोधायचं.

पुन्हा खाली बसले. या वेळी पाची बोटं पसरून द्रोणावर सारखा दाब दिला. सारखा द्यावा लागतो हं, एका बाजूनं दाबलं तर चांगली कॉइलसुद्धा घासते, आणि आपणच रोग लावून आपणच निदान करतो. सारखा दाबला, कान जवळ नेला. पोह्यांत वाळूचा कण चावावा, तसं काहीतरी. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. म्हणजे फटीत काहीतरी आहे. बोलताना द्रोण थोडासाच हलतो, तेव्हा नाही लागत. खालचा सूर लागला की लांब हलतो, आणि तिथे घासतो.

मध्यभागीची कागदी टोपी ब्लेडनं अलगद सोडवली. आत बघितलं तर लाल गंज, आणि त्यावर पांढरी खपली. पांढरं कशाला असेल? नखावर घेतलं. मला राहवेना, म्हणून जिभेला लावलं.

"काय गो खातंस?" चांगुणाबाय ओरडल्या.

"मीठ आहे."

"मीठ?"

"तुमच्या स्पीकरमध्ये मीठ आहे, चांगुणाबाय. कुठे ठेवला होता हा पावसात?"

वनिता सासूकडे बघायला लागली. सासूबाई नथ सावरायला लागल्या. "माल्याव ठेवलेला," त्या म्हणाल्या. "उपडा. धूल नको बसायला. नि आत मिठाची पुरचुंडी टांगली."

"पुरचुंडी?"

"मीठ पानी वढतं ना गो! आमचं सगलं जलम मिठागरात गेलं. मना नाय ठाव? ओल लागू नये म्हनून टांगली."

आता काय म्हणायचं सांगा. मीठ पाणी ओढतं, हे शंभर टक्के खरं. आषाढ-श्रावणात त्या पुरचुंडीनं इमानेइतबारे माळ्यावरची सगळी ओल ओढून घेतली, आणि पोट भरल्यावर थेंब थेंब सोडून दिली. खोका उपडा, म्हणजे चुंबकाची पाठ वर. चुंबकाच्या पाठीला हवा जायला एक बारीक भोक असतं. नेमकं त्यावर ठिबकत राहिलं. ज्या घरानं पिढ्यानपिढ्या मीठ पिकवलं, त्या घरालाच हे सुचणार. दुसऱ्या कुणी नुसतं पोतं पांघरलं असतं, आणि स्पीकर वाचला असता.

"आई, तुम्ही स्पीकरचं लोणचं घातलंत," वनिता म्हणाली, आणि आधी तीच हसली, मग मी, आणि मग चांगुणाबाय अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता म्हणाल्या, "मंजे गला माजा नाय?"

मी घाईत 'नाही' म्हणणार होते. पण चिरेची फजिती ताजी होती. म्हटलं, "खरखर खोक्याची आहे. गळ्याचं अजून मी ऐकलेलंच नाही. चार दिवसांनी या."

ते चार दिवस मी त्या स्पीकरपाशीच होते. थिनर लावून कड सोडवली, कॉइलला मधोमध धरून ठेवणारी आतली जाळी सोडवली, आणि द्रोण कॉइलसकट वर उचलून घेतला. ओलसर कापसानं मीठ पुसलं, मग स्पिरिटनं. गंजाचे कण लोखंडाचे, ते चुंबकाला असे घट्ट धरून बसतात, की फुंकून जात नाहीत. खेळायच्या पत्त्याला चिकटपट्टी गुंडाळून फटीत फिरवायची, कण तिला चिकटून येतात. फिरवायची, बघायची, पुन्हा नवी पट्टी. मग कॉइल परत बरोबर मधोमध बसवायची. त्यासाठी मी जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या कापून कॉइलभोवती खोचते, म्हणजे चारी बाजूंना सारखं अंतर राहतं. गोंद वाळला की पट्ट्या काढून घ्यायच्या. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हा माझाच गुडघा ना?" होता खरा. म्हटलं, "गव्हाणच्या लग्नाला उपयोगी पडतोय, नशीब समजा."

ठरल्या दिवशी दोघी आल्या. मी माइक जोडला. चांगुणाबायनी डोळे मिटले आणि खालून सूर धरला. स्वच्छ! विहिरीच्या तळातून यावा तसा भरीव. खोलीतल्या काचेच्या बरण्या गुणगुणायला लागल्या. मग गाणं वर चढलं, देवांना हाक मारायची जागा आली, आणि तिथे सूर थरथरला. खरखर नव्हती. वाऱ्यानं ज्योत हलावी तसं होतं ते.

त्यांनी डोळे उघडले. "ह्ये कुनाचं?"

मी म्हटलं, "थांबा, तारा बघते."

"तारा नको बघू. माइक बंद कर."

मी बंद केला. त्यांनी तीच ओळ नुसत्या गळ्यानं म्हटली. तिथेच, त्याच जागी, थरथर.

वनिता दाराकडे बघत होती. मला वाटलं, म्हणावं की काही विशेष नाही. गर्दीत कुणाला कळणार नाही. पण त्या माझ्या कानावर भरोसा म्हणून आल्या होत्या.

"हे तुमचं आहे, चांगुणाबाय," मी म्हटलं.

लांब कुठेतरी सुरुंग उडाला, टेबलावरचा एक द्रोण थरथरला आणि थांबला. मला त्या वेळी खूप वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी एक कुतूहलही होतं. म्हणून विचारलं, "ही जागा सोडली तर बाकी कुठेच हलत नाही. वरचं तेवढंच. थोडं खालून धरून बघता?"

"धवला खालून कोन गातं गो?"

"बघा तर."

त्यांनी एक सूर खाली धरला. हाकेची जागा आली. सूर तिथे गेला, टेकला, आणि हलला नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही हलला. वनितानं श्वास सोडला तो मला ऐकू आला.

चांगुणाबाय जरा वेळ मांडीवर बोटं आपटत बसल्या. मग म्हणाल्या, "देव काय उंचावरचाच आयकतान? खाली बोलवलं तर खाली येतील."

लग्नाला मी गेले. मांडवात भाचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन उभा होता, दर दोन मिनिटांनी चाचपत होता. चांगुणाबायनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खालून धरलं. पहिल्या दोन ओळींत बायका गोंधळल्या, कारण त्यांच्या सवयीचा सूर नव्हता. मग मागच्या बायका पुढे सरकल्या. खालच्या आवाजाला जवळ जावं लागतं. बघता बघता सगळा मांडव पाटाभोवती गोळा झाला. त्यांनी एकेक नाव घेऊन बोलावलं, आणि भाच्यानं शेवटी खिशातला हात काढून डोळे पुसले. त्या हंगामात त्यांना एकही दिवस रिकामा मिळाला नाही, असं वनिता नंतर सांगत होती.

तेव्हापासून आमचं ठरलेलंच झालंय. दर वर्षी भाऊबीज झाली की त्या येतात. आधी मी खोका तपासते, मग त्या माइक बंद करायला लावतात, गातात, आणि जिथे हलतं तिथे मी बोट वर करते. मग आम्ही दोघी मिळून सूर शोधतो. दोन वर्षं तोच राहिला. मग अर्धा सूर खाली गेला. करोनाच्या वर्षी आल्याच नाहीत, मी फोनवरच ऐकलं, आणि फोनचा स्पीकर इतका वाईट, की भांडण झालं.

यंदा काल आल्या. त्र्याऐंशीच्या असतील. आता रिक्षातून उतरायला हात द्यावा लागतो. ओटीवरच्या पाच खोक्यांकडे बघून म्हणाल्या, "ह्यांचं पन लोनचं का?" खोका उत्तम होता, कडेची पट्टी थोडी सैल, तेवढंच. मग गायल्या. मी बोट वर केलं. एक सूर खाली आल्या. मी पुन्हा वर केलं. वनिता आता स्वतः वरच्या ओळी धरते, ती मध्ये म्हणाली, "आई, तेवढं मी घेते ना." त्यांनी हातानं तिला थांबवलं आणि आणखी खाली आल्या.

तो सूर मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता. जवळजवळ पुरुषी, जमिनीलगतचा. हाकेची जागा आली. मी बोट तयार ठेवलं होतं. ते वर करावं लागलं नाही.

त्या थांबल्या, पाणी प्यायल्या. मी बघतच राहिले. तर त्यांनीच माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, "अशी काय बघतंस? खाली आजून लय जागा हाय."